नांदगांव : वेरूळचें जुनें दार

गेल्या हिवाळ्यांत आमच्या शाळेच्या वरच्या वर्गांची सहल वेरूळास गेली. पहाटे निघालेली आमची बस नांदगांवीं पोहोंचली तेव्हां ऊन नुकतेंच वर आलें होतें. चालकास चहा घ्यावयाचा होता, आणि आम्हांसहि तो नको होता असें नाहीं. मुलें खालीं उतरलीं. त्यांपैकीं एकानें आम्हांस विचारलें, "सर, या गांवांत पाहण्यासारखें काय आहे?" आमच्या हातांत कप होता व मनांत कैलास लेणें होतें. आम्हीं फारसा विचार न करितां उत्तर दिलें, "येथें कांहीं नाहीं. पाहावयाचें तें सारें पुढें आहे."

शेजारींच एक मुलगा उभा होता. तो याच गांवचा. आमच्या वसतिगृहांत राहून शिकणारा. तो कांहीं बोलला नाहीं. बस सुरू झाल्यावर खिडकीशीं बसून मागें पडत चाललेल्या घरांकडे तो बराच वेळ पाहत राहिला. त्या दिवशीं कैलास लेण्यापुढें उभें राहून आम्हीं मुलांस पुष्कळ माहिती सांगितली; परंतु त्या मुलाचा चेहरा मनांतून जाईना. आपल्या गांवाविषयीं "कांहीं नाहीं" हे दोन शब्द शिक्षकाच्या तोंडून ऐकणें मुलास सोपें नसतें. आणि हे शब्द खरे असते तर एक वेळ चालतें. ते खरे नव्हते. ज्या वेरूळासाठीं आम्ही नांदगांव मागें टाकून धांवत होतों, त्या वेरूळचें दार एके काळीं नांदगांव हेंच होतें, ही गोष्ट आम्ही स्वतः वाचून विसरलों होतों. हा लेख म्हणजे त्या मुलाचें देणें फेडण्याचा आमचा एक प्रयत्न आहे. त्यांत आमचें एक मतहि आहे. तें विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडावें असें वाटतें.

प्रथम आगगाडीची हकीकत सांगतों. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली, हें प्रत्येक विद्यार्थ्यास पाठ असतें. परंतु त्या रुळांस सह्याद्रि चढून वर यावयाचें होतें, आणि तें काम सोपें नव्हतें. जी. आय. पी. रेल्वे कंपनीनें दोन घाट फोडले. एक बोरघाट, पुण्याकडे जाणारा, आणि दुसरा थळघाट, कसाऱ्याहून इगतपुरीस चढणारा. थळघाटांतील मार्ग १८६५ सालीं खुला झाला. घाटमाथ्यावरील रूळ त्याच्या आधींच, १८६० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत, नाशिक जिल्ह्यांतून खानदेशाकडे सरकले होते. घाट जोडला जातांच मुंबईस बसलेला उतारू गाडी न सोडतां नांदगांवीं उतरूं लागला. मुंबईपासून हें अंतर १७८ मैल, म्हणजे आजच्या हिशेबानें २८६ किलोमीटर. कालपर्यंत बैलगाडीच्या वाटेनें जगणारें एक लहानसें गांव असें एकाएकीं मुंबईच्या एका दिवसाच्या टप्प्यांत आलें.

परंतु रूळ तर शेंकडों गांवांवरून गेले. नांदगांवास मान मिळाला तो त्याच्या पाठीशीं असलेल्या डोंगरामुळें. नकाशा उघडून पाहा. सह्याद्रीपासून फुटून पूर्वेकडे गेलेली सातमाळ्याची रांग नांदगांवच्या दक्षिणेस आडवी पडली आहे. उत्तरेस आगगाडी, दक्षिणेस औरंगाबाद, आणि मध्यें हा डोंगर. तो ओलांडण्यास कासारीचा घाट ही त्यांतल्या त्यांत सोयीची वाट होती. म्हणून औरंगाबादेस, दौलताबादेच्या किल्ल्यास व वेरूळच्या लेण्यांस जाणारा माणूस नांदगांवीं गाडी सोडी आणि टांग्यांत बसे. नांदगांवाहून औरंगाबाद सुमारें ५६ मैल, म्हणजे ९० किलोमीटर. वेरूळ त्याच वाटेवर, औरंगाबादेच्या अलीकडे. डाकेचा टांगा ठिकठिकाणीं घोडे बदलीत कासारीवरून देवगांव रंगारीकडे जाई. त्या वाटेवर आजहि शिऊर बंगला नांवाचें ठिकाण आहे. त्या नांवांतील 'बंगला' हा शब्द प्रवाशांच्या उतरण्याच्या बंगल्यांची आठवण करून देतो.

त्या काळच्या इंग्रजी प्रवासी-पुस्तकांत, मरे यांच्या प्रसिद्ध पुस्तकांत देखील, वेरूळास जाणारानें नांदगांव स्टेशनावर उतरावें असें सांगितलेलें असे. १८८० सालीं फर्ग्युसन व बर्जेस यांचा भारतांतील लेण्यांवरील मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि विलायतेंतील विद्वानांचें लक्ष वेरूळकडे अधिकच वळलें. तेव्हां कल्पना करा : ज्या वेरूळास आज जगाच्या कानाकोपऱ्यांतून माणसें येतात, जेथें एकाच डोंगराच्या कडेस १२ बौद्ध, १७ हिंदु व ५ जैन अशीं ३४ लेणीं शेजारधर्मानें नांदत आहेत, आणि ज्यास १९८३ सालीं जागतिक वारशाच्या यादींत स्थान मिळालें, त्याच्याकडे जाणारी वाट आमच्या या गांवाच्या स्टेशनांतून निघत होती. परदेशचा प्रवासी येथें उतरे, येथें पाणी पिई, येथें टांग्याचें भाडें ठरवी. वेरूळचा पहिला वारा त्यास येथें लागे.

मग हें सारें गेलें कोठें? त्याचें उत्तर एका ओळीचें आहे. १९०० च्या सुमारास निजामच्या राज्यांतून हैदराबाद-गोदावरी खोरें रेल्वेचा अरुंद मार्ग मनमाडापर्यंत आला. मनमाडास गाडी बदलावी आणि सरळ दौलताबादेस किंवा औरंगाबादेस उतरावें, अशी सोय झाली. मनमाड नांदगांवापासून रुळांवरून अवघें २६ किलोमीटर. दौंडाकडील मार्ग मनमाडास आधींच, १८७८ सालीं, मिळालेला होता; आतां तें चारी बाजूंचें जंक्शन झालें. टांग्याचा प्रवास कोण पत्करणार? घाटांतील घोड्यांच्या टापा थांबल्या. गांव तेंच राहिलें, नदी तीच राहिली, डोंगर तसूभर हलला नाहीं. फक्त नकाशावरची एक रेघ बदलली, आणि गांवाचा मान गेला.

येथें आम्हांस एक गोष्ट आग्रहानें सांगावयाची आहे. या घसरणींत नांदगांवच्या माणसांचा कांहीं अपराध नव्हता. ते आळशी झाले नाहींत, त्यांनीं प्रवाशांस लुबाडलें म्हणूनहि प्रवासी गेले नाहींत. रूळ कोठून न्यावयाचे हें त्यांना कोणीं विचारलेंच नव्हतें. येतांनाहि नाहीं आणि जातांनाहि नाहीं. परंतु यांतून एक धडा मात्र निघतो. नांदगांवचा तो मान उसना होता. प्रवासी नांदगांवीं येत. नांदगांवासाठीं येत नसत. दारांतून जाणारा माणूस दारास नमस्कार करीत नाहीं. त्याचें लक्ष आंतल्या देवाकडे असतें. दुसरीकडे जवळचें दार उघडलें कीं तो तिकडून जातो. जें गांव केवळ वाट म्हणून मोठें झालें, तें वाट बदलतांच लहान होतें. ही गोष्ट एकट्या नांदगांवची नव्हे. घाटापायथ्याचीं, नदीच्या उतारावरचीं, जुन्या बंदरांचीं किती तरी गांवें अशीं आहेत, कीं ज्यांचें वैभव दुसऱ्याच्या प्रवासावर उभें होतें आणि त्या प्रवासाबरोबरच निघून गेलें.

हें जुनें दुःख आज उकरून काढण्याचें कारण असें कीं, तोच प्रश्न आतां नव्या वेषांत आपल्यापुढें आला आहे. अलीकडे जिकडे तिकडे 'पर्यटन' हा शब्द ऐकूं येतो. आमच्या तालुक्यांत पर्यटक यावेत, म्हणजे तरुणांस काम मिळेल, दुकानें चालतील, असें पुष्कळांस वाटतें. आणि त्यांचें वाटणें चुकीचें नाहीं. ज्या तालुक्यांत पाऊस बेभरंवशाचा, जेथें कांद्याचा भाव एका आठवड्यांत शेतकऱ्यास रडवितो, तेथें उत्पन्नाची आणखी एक वाट कोणास नको असेल? याबरोबरच दुसरीहि एक मागणी असते : अमुक गाडी आमच्या स्टेशनावर थांबली पाहिजे. या दोन मागण्या लोकांच्या बोलण्यांत नेहमीं एकमेकींत मिसळलेल्या असतात. त्या वेगळ्या कराव्या असें आमचें मत आहे.

गाडी थांबावी, ही मागणी पूर्णपणें न्यायाची आहे, आणि ती गांवच्या माणसांसाठींच न्यायाची आहे. नांदगांवचा विद्यार्थी कॉलेजास जातो, रोगी मोठ्या दवाखान्यांत जातो, भाजीवाली बाई टोपली घेऊन जाते, नोकरदार रोज जाऊन येऊन करितो. ज्यांच्या शेतांतून रूळ गेले त्यांना त्या रुळांचा उपयोग व्हावा, यांत भीक कसली? परंतु "गाडी थांबली म्हणजे पर्यटक येतील" हें दुसरें वाक्य मात्र आम्हांस पटत नाहीं. १९०० पूर्वीं गाडी थांबत होतीच. प्रवासी उतरतहि होते. तरी ते गेले. गाडी थांबविणें रेल्वेच्या हातीं आहे. पाहुणा थांबविणें आपल्या हातीं आहे. पाहुणा थांबतो तो गांवांत त्याला थांबावेंसें वाटणारें कांहीं असेल तर. म्हणून खरा प्रश्न स्टेशनाचा नाहीं, स्टेशनाबाहेरचा आहे.

आणि स्टेशनाबाहेर पडलें कीं प्रथम काय भेटतें? नदी भेटते. नांदगांवास एक नव्हे, दोन नद्या आहेत. लेंडी आणि शाकंबरी. दोन्ही सातमाळ्याच्या कुशींतल्या, दोन्ही लहान, दोन्ही पावसाळी. शाकंबरी हें नांव दुष्काळांत लोकांस भाजीपाला पुरविणाऱ्या देवतेचें. ज्या कोणीं हें नांव ठेविलें, त्यानें या भूमीची तहानहि ओळखली होती आणि नदीचे उपकारहि ओळखले होते. नदीस देवीचें नांव देणारे पूर्वज कोणत्याहि धर्माच्या माणसास आदरणीय वाटावे असेच होते. निदान त्यांना पाण्याची किंमत ठाऊक होती.

आमचे एक चुलते रेल्वेंत नोकरीस होते, आणि त्यामुळें आमच्या लहानपणच्या कांहीं सुट्या नांदगांवीं गेल्या. तेव्हांची एक आठवण आम्ही विसरलों नाहीं. मे महिना होता. नदीच्या कोरड्या वाळूंत बायका बसल्या होत्या. त्यांनीं हातांनीं झिरे खणले होते आणि वाटीवाटीनें पाणी हंड्यांत भरीत होत्या. आम्ही मुलें तेथें दंगा करूं लागलों तेव्हां एका वृद्ध बाईनें आम्हांस दटाविलें, "लेकरांनो, पाणी गढूळ करूं नका, त्याला निवळायला रात्र लागते." त्या बाईस भूगोल येत नव्हता, परंतु नदी वरून आटली तरी खालून वाहत असते हें तिला माहीत होतें. आज तुम्ही त्याच पात्राशीं जाऊन उभे राहा. झिरा खणण्याचें धाडस कोणी करणार नाहीं. वाळू गेली, आणि तिच्या जागीं प्लास्टिकच्या पिशव्या, बांधकामाचा राडारोडा व गटाराचें पाणी आलें. दोन्ही काठ आवळत आवळत पात्रावर चढले. गांवानें नदीकडे पाठ फिरविली. घरांचीं तोंडें रस्त्याकडे आणि मोऱ्या नदीकडे.

नदी गरीब असते, पण विसराळू नसते. २०२१ च्या पावसाळ्यांत तिनें आपली जागा परत मागितली. डोंगरावर मुसळधार पाऊस झाला, लेंडी व शाकंबरी यांस पूर आला, आणि पाणी बाजारपेठेंतील दुकानांत व काठच्या घरांत शिरलें. त्याच दिवसांत याच डोंगररांगेच्या पूर्वेकडे कन्नडच्या घाटांत दरडी कोसळल्या आणि चाळीसगांवांत पुरानें हाहाकार केला. अनेकांचें आयुष्याचें सामान त्या पाण्यांत गेलें. नदीच्या पात्रांत घर बांधणारा बहुतकरून गरीब असतो. दुसरीकडे जागा परवडत नाहीं म्हणून तो तेथें येतो. त्यास दोष देणें आम्हांस जमणार नाहीं. दोष त्या सर्वांचा, ज्यांनीं वर्षानुवर्षें तें पाहिलें आणि "ही कसली नदी, हा तर नाला" असें म्हणून सोडून दिलें. शब्दांत मोठी शक्ति असते. नदीस नाला म्हटलें कीं तिच्यांत कचरा टाकण्यास हात धजतो. आणि गांवास "येथें कांहीं नाहीं" असें म्हटलें कीं तेथें कांहीं उरत नाहीं. आमच्याच तोंडचा तो शब्द आम्हांस अशा रीतीनें परत मिळाला.

आतां कोणी म्हणेल, "ठीक आहे, परंतु नांदगांवास पाहण्यासारखें खरोखर आहे तरी काय?" ऐका. गांवापासून दक्षिणेस कासारीच्या वाटेवर माणिकपुंज आहे. तेथें जुना डोंगरी किल्ला आहे आणि पायथ्याशीं धरणाचें पाणी आहे. जातेगांवच्या डोंगरावर पिनाकेश्वराचें देवालय आहे. श्रावणांत तेथें माणसांची रीघ लागते. चाळीसगांवच्या वाटेवर नस्तनपुरास शनीचें प्रसिद्ध क्षेत्र आहे. उत्तरेस गिरणेवर १९६९ सालीं पुरें झालेलें मोठें धरण आहे. त्याच्या पाण्यावर जळगांव जिल्ह्यांतील शेतें पिकतात. थोडें पूर्वेस गेलें तर गौताळ्याचें अभयारण्य व पितळखोऱ्याचीं लेणीं आहेत. हीं लेणीं वेरूळच्या कैलासाहून पुष्कळच जुनीं.

परंतु या सर्वांहून आम्हांस अधिक नवलाची वाटणारी गोष्ट निराळीच आहे, आणि तिला तिकीट नाहीं. कासारीच्या घाटमाथ्यावर पावसाळ्यांत उभें राहा. तुमच्या उत्तरेस पडलेला थेंब नांदगांवाकडे उतरेल, गिरणेस मिळेल, गिरणेंतून तापींत जाईल आणि सुरतेजवळ पश्चिम समुद्रास भेटेल. दक्षिणेस पडलेला थेंब शिवनेसारख्या नद्यांतून गोदावरीस जाईल आणि सारें दक्षिण हिंदुस्थान ओलांडून पूर्व समुद्रास मिळेल. हातभर अंतरानें पडलेले दोन थेंब. एक अरबी समुद्रांत, एक बंगालच्या उपसागरांत! भूगोलाच्या पुस्तकांत 'पाणलोट' हा शब्द आम्ही वर्षानुवर्षें फळ्यावर लिहीत आलों. तो डोळ्यांनीं पाहावयाचा तर नांदगांवच्या पाठीमागें यावें. आणि आमची बस त्याच माथ्यावरून गेली, तेव्हां आम्ही मुलांची हजेरी घेत होतों!

पर्यटनाविषयीं मात्र एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. माथेरानचें उदाहरण घ्या. १९०७ सालीं आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबानें नेरळहून तेथें लहान आगगाडी नेली. पुढें त्या डोंगरानें मोटारगाड्यांस आंत येऊं दिलें नाहीं, आणि हा नकारच त्याची शोभा ठरला. २००५ च्या अतिवृष्टींत तो मार्ग वाहून गेला, तेव्हां तो पुन्हां बांधून काढावा असें सर्वांस वाटलें. कारण ती गाडी गांवाचें अंग झाली होती. उलट कांहीं थंड हवेचीं ठिकाणें अशीं आहेत कीं, सुटीच्या दिवशीं तेथें मोटारींच्या रांगा, बाटल्यांचे ढीग आणि आटलेल्या विहिरी यांखेरीज कांहीं दिसत नाहीं. पाहुणा येतो, खातो, कचरा टाकून जातो. आणि गांवचा माणूस स्वतःच्या गांवांत पाहुण्यासारखा बाजूला होऊन उभा राहतो. असें पर्यटन नांदगांवास नको. तहानलेल्या तालुक्यांत पोहण्याचे तलाव बांधून श्रीमंतांस बोलावणें म्हणजे झिऱ्यावर बसलेल्या त्या वृद्ध बाईचा हंडा लाथाडणें होय.

मग कसें हवें? आमचें मत साधें आहे. जें गांव आपल्या माणसांसाठीं राहण्यास चांगलें, तेंच पाहुण्यास पाहण्यास चांगलें. म्हणून आरंभ नदीपासून करावा. लेंडी व शाकंबरी यांचें पात्र मोकळें करावें. काठच्या गरिबांस दुसरीकडे पक्की जागा देऊन, त्यांना नुसतें हुसकून नव्हे. मोऱ्यांचें पाणी वेगळें न्यावें. काठावर झाडें लावावीं. हें झालें तर पर्यटक न आला तरी गांवाचें नुकसान नाहीं. पूर कमी होईल, विहिरींस पाणी राहील, म्हाताऱ्यांस संध्याकाळीं बसावयास जागा मिळेल. दुसरें, स्टेशनावर एक फलक असावा. येथून वेरूळची जुनी वाट निघत होती, हें त्यावर चार ओळींत लिहिलेलें असावें. वाटाड्याचें काम येथील तरुणांनीं शिकावें. सध्यां छत्रपति संभाजीनगर या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या त्या शहरापर्यंतच्या जुन्या टांग्याच्या वाटेवर सायकलीनें किंवा पायीं जाणारे हौशी लोक आज मिळणार नाहींत असें नाहीं. त्यांना राहण्यास हॉटेल नको. स्वच्छ पडवी, बाजरीची गरम भाकरी आणि गोष्ट सांगणारा एक आजोबा पुरे.

पालकांपैकीं कोणी येथें मान हालवितील. "मास्तर, गोष्टींनीं पोट भरतें काय?" हा प्रश्न आम्ही हलका मानीत नाहीं. आमच्याहि घरीं महिन्याचा शेवट असतो. गोष्टींनीं पोट भरत नाहीं, हें खरें. परंतु गोष्ट नसलेल्या गांवांतून माणसें फार लवकर निघून जातात, हेंहि तितकेंच खरें. मुलास आपण लहानपणापासून काय सांगतों? "शीक, आणि या गांवांतून बाहेर पड." आम्ही शिक्षकहि तेंच सांगतों. मुलगा शिकतो आणि खरेंच बाहेर पडतो. मग नदीकडे पाहावयास मागें कोण राहणार? मुलानें मुंबईस जावें, परदेशींहि जावें. आमची ना नाहीं. परंतु तो "मी कोठचाच नव्हे" असें मनांत घेऊन जाऊं नये. नांदगांवचें नांव सांगतांना ज्याची मान खालीं जात नाहीं, तो कधीं ना कधीं नांदगांवाच्या कामीं येईल. ज्यास शिक्षकानेंच खालीं पाहावयास लाविलें, तो का येईल?

विद्यार्थ्यांनो, आतां तुमच्याशीं दोन शब्द. या वर्षीं आम्ही तुम्हांस एक काम सांगणार आहों. त्यास गुण नाहींत. तुमच्यांतील कोणी मनमाडचे, कोणी मालेगांवचे, कोणी चाळीसगांवचे, कोणी लहानशा वाडीवरचे आहांत. सुटींत घरीं गेलां म्हणजे आपल्या गांवांतील सर्वांत म्हाताऱ्या माणसापाशीं बसा. गांवची नदी पूर्वीं किती महिने वाहत असे, आगगाडी किंवा मोटार येण्यापूर्वीं माणसें कोणत्या वाटेनें जात, जुना पूल कोणता, जुनी विहीर कोणती आणि ती आतां कोणत्या स्थितींत आहे, हें विचारा. ऐकलेलें जसेंच्या तसें लिहून आणा. सुशोभित करूं नका. न कळलेलें तसेंच सोडा. हीं पानें आम्ही वर्गांत ठेवूं. दहा वर्षांत त्यांचें एक पुस्तक होईल, आणि तें पुस्तक आम्ही शिकवितों त्या पुष्कळ पुस्तकांहून मोलाचें असेल.

हें काम आम्हीं ठरविलें तें त्या नांदगांवच्या मुलामुळेंच. सहलीहून परतल्यावर कांहीं दिवसांनीं आम्हीं त्यास बोलावून घेतलें व सांगितलें कीं, त्या दिवशीं आम्ही चुकलों. तो संकोचला. शिक्षकानें चूक कबूल करावी याची त्यास संवय नव्हती. आणि खरें म्हणजे आम्हांसहि नव्हती. मग आम्हीं त्यास टांग्याच्या वाटेची हकीकत सांगितली. त्यानें शांतपणें ऐकून घेतली आणि म्हणाला, "सर, नदी कोठून येते तें मला माहीत आहे. मी आजोबांबरोबर शेळ्या घेऊन वरपर्यंत गेलों आहें." त्यानें वहीचें एक पान काढून नदीची वाट काढून दाखविली, डोंगर कोठें, बंधारा कोठें, पुराचें पाणी कोणत्या झाडापर्यंत आलें होतें, सारें त्यांत होतें. आमच्या भिंतीवरील छापील नकाशांत त्या जागीं एक बारीक निळी रेघहि नव्हती.

पुढील वर्षीं पुन्हां सहल निघेल. या खेपेस मनमाडाहून आगगाडीनें नांदगांवीं उतरावयाचें, स्टेशनाबाहेर पडून पायीं नदीपर्यंत जावयाचें, आणि मग बसनें कासारीच्या घाटानें वेरूळास जावयाचें, असें आम्हीं ठरविलें आहे. घाटमाथ्यावर बस थांबेल. नांदगांवांत पाहण्यासारखें काय आहे, हें त्या वेळीं आम्ही सांगणार नाहीं. तो मुलगा सांगेल.